समुपदेशनालाही विम्याचे संरक्षण हवे

महोदय,

शारीरिक आजारावरील उपचारांना ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर तो मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे, असे बंधन मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 21 (4) ने प्रत्येक विमा कंपनीवर घातले आहे. हा कायदा मे 2018 मध्ये लागू झाला आणि विमा नियामक प्राधिकरणाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपन्यांना तसे निर्देश दिले. तरीही 31 ऑक्टोबर 2022 ही मुदत घालून त्यांना पुन्हा बजवावे लागले.

आता पॉलिसीत मानसिक आजाराचा उल्लेख असतो, पण बहुतेक वेळा किमान 24 तास रुग्णालयात दाखल होण्याची अट तशीच राहते. नैराश्य किंवा चिंताविकाराच्या बहुसंख्य रुग्णांना दाखल होण्याची गरजच नसते. त्यांना हवी असतात नियमित औषधे आणि अनेक महिने, बहुधा दर आठवड्याला, मानसोपचाराची सत्रे. शहरांत एका सत्राला हजार-दीड हजार रुपये, कित्येकदा त्याहूनही अधिक पडतात. आमच्या घरातील एका तरुण मुलीचा दावा तिला दाखल केले नव्हते एवढ्याच कारणाने नाकारला गेला. वास्तविक, वेळेवर सत्रे मिळाल्यामुळेच तिच्यावर दाखल होण्याची वेळ आली नव्हती.

या अटीला अपवाद करता येत नाही, असे मुळीच नाही. डायलिसिस, केमोथेरपी आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांसाठी रुग्णाला 24 तास दाखल व्हावे लागत नाही, तरी विमा मिळतो. डायलिसिसही ठरावीक अंतराने, दीर्घकाळ घ्यावे लागते. मग मानसोपचाराच्या सत्रांना तोच न्याय का नसावा? जादा हप्ता भरून बाह्यरुग्ण उपचारांचे संरक्षण देणाऱ्या काही योजना आहेत, हे खरे. परंतु कायद्याने जे समान ठरवले आहे, ते जादा पैसे मोजून का घ्यावे?

मनोविकारतज्ज्ञांची आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची सत्रे प्राधिकरणाने मूळ पॉलिसीतच समाविष्ट करायला लावावीत. गैरवापराची भीती असेल, तर सत्रांची वार्षिक मर्यादा ठरवावी. ज्यांच्याकडे विमाच नाही, त्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर तातडीचा आधार मिळतो. मात्र एकाच तज्ज्ञाकडे महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपचारांची जागा दूरध्वनी घेऊ शकत नाही. त्यासाठी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मानसशास्त्रज्ञाचे पद भरलेले असले पाहिजे, आणि ही जबाबदारी राज्य सरकारची आहे.

– एक पालक, पुणे