चाचणीचे मार्क वर जातात, खाली काहीच येत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे, त्यामुळे जे बघितलं तेच लिहितेय.

२०२३-२४ पासून जागतिक बँकेच्या मदतीच्या स्टार्स या शिक्षण प्रकल्पातून राज्यभर नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या, शिक्षक त्याला पॅट म्हणतात. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत, मग सत्रांच्या शेवटी संकलित एक आणि दोन, विषय भाषा, गणित, इंग्रजी. माझा चाचणीला अजिबात विरोध नाही, पोरांना काय येतंय ते कळलंच पाहिजे. पण ते कळतं कोणाला?

मागच्या वेळी समितीच्या कामाला शाळेत गेले होते म्हणून सरांनी मुलीचा गणिताचा पेपर दाखवला, नाहीतर दिसलाच नसता. ५२ वजा २८, उत्तर ३६. पुढची गणितं पण तशीच, वरचा अंक कोणता खालचा कोणता न बघता सगळीकडे मोठ्यातून लहान वजा केलेला. म्हणजे वजाबाकी येत होती, दशक सुटा करायचा तेवढं डोक्यात शिरलं नव्हतं. घरी खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून केले, एक गठ्ठा सोडायचा आणि मग काढायच्या, चार दिवसात जमलं तिला. हे सगळं त्या एका कागदावर दिसत होतं हो! आणि शिक्षण खात्याच्या पोर्टलवर काय गेलं, नुसते मार्क, ते भरायला सर शाळा सुटल्यावर मोबाईल घेऊन रेंज शोधत ओट्यावर उभे.

मार्क कमी पडले की बोलणी सरांनाच बसतात. दोन शिक्षक, पाच वर्ग, हे कोणी विचारत नाही. मग अशाने कुठे ना कुठे फळ्यावर उत्तरं लिहून दिली जाणारच, आणि पेपर आधीच यूट्यूबवर फिरल्याच्या बातम्या तर आपण सगळ्यांनी वाचल्यात. शाळेचा आकडा चांगला दिसतो पण ५२ वजा २८ अडलेलं पोर तसंच पाचवीत जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात समितीत ७५ टक्के पालक आहेत आणि शाळेचा विकास आराखडा करणं आमचं काम आहे, पण आमच्या मीटिंगमध्ये चाचणीचा निकाल आजपर्यंत एकदाही ठेवला नाही, रंगकाम आणि पाण्याची टाकी एवढंच. तपासलेला पेपर पंधरा दिवसात घरी यावा, कोणत्या वर्गाची पोरं कशात अडलीत ते समितीपुढे सांगावं, आणि जिथे जास्त अडलीत तिथे वरून नोटीस न पाठवता शिकवायला माणूस पाठवावा. जबाबदारी शाळेची आहेच, पण खात्याची पण आहे ना.

यंदाच्या पायाभूतचे पेपर गठ्ठा बांधून शाळेच्या कपाटात पडलेत, निदान ते तरी पोरांच्या हातात द्या.

आपली,
एक पालक