ईएफआय पार्टिशनची ओळख करून देणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानू लागलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. आमच्या वाचनालयातल्या संगणकांत टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नाही, त्यामुळे विंडोज 11 चा रस्ता बंद, आणि नवीन घ्यायला पैसे नाहीत. लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची एवढं ठरलं होतं. पण कुठलं, यावर जो तो आपलंच घोडं पुढे दामटत होता. तुम्ही मात्र कुठल्याच डिस्ट्रोचं, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्तीचं, नाव घेतलं नाहीत. हिशोबाचं सॉफ्टवेअर असलेला संगणक निवडलात, क्लोनझिलाने त्याच्या डिस्कची प्रत काढून घेतलीत आणि म्हणालात, "विंडोजला धक्का न लावता यावर मिंट, फेडोरा, डेबियन आणि आर्च एकेक करून टाकायचं. तू टाकायचंस, मी बाजूला बसतो."

सुरुवात मिंटपासून झाली. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर आधी तपासून घेता येतात, ही केवढी सोय! डिस्कला हातही न लावता कळतं की आपलं हार्डवेअर चालतंय की नाही. पुढे इन्स्टॉलर विचारतो: विंडोजच्या शेजारी टाकू, सगळी डिस्क पुसू की 'समथिंग एल्स'? तुम्ही तिसरा पर्याय निवडायला लावलात आणि पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, तक्त्यातल्या एका लहानशा ओळीवर बोट ठेवलंत. जेमतेम 100 एमबीचं, फॅट32 मधलं ईएफआय पार्टिशन. विंडोजचा बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम, तिथे राहतो, लिनक्सचाही तिथेच जाणार. ते वापरायचं, पण फॉरमॅट करायचं नाही. "आता प्रत्येक डिस्ट्रोत हीच ओळ शोधायची," असं म्हणालात, आणि माझी सगळी तुलना त्या ओळीभोवती उभी राहिली.

फेडोराचा ॲनाकोंडा हा इन्स्टॉलर मला रुचला नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. 2013 च्या फेडोरा 18 पासून चालत आलेल्या त्या मांडणीत 'डन'चं बटण डावीकडे वरच्या कोपऱ्यात आहे, आणि कामं कुठल्या क्रमाने करायची ते आपणच ठरवायचं. फेडोरा 42 च्या वर्कस्टेशनमध्ये नवा इन्स्टॉलर आला, तो सरळ आहे. पण नवखा माणूस पार्टिशन स्वतः जोडायला गेला की तिथेही घुटमळतोच.

डेबियनने मात्र मला जिंकलं. तो प्रश्न जास्त विचारतो, पण पार्टिशनच्या यादीत जे राखायचं त्यापुढे के आणि जे पुसलं जाणार त्यापुढे एफ असं अक्षर मांडतो. बदल डिस्कवर लिहिण्याआधी सगळी यादी पुन्हा दाखवतो आणि होकार मागतो. त्याच्या तयार उत्तरात 'नाही' असतं. रूट, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, पासवर्डच्या पडद्यावर तुम्ही मला थांबवलंत: ही जागा रिकामी सोडली तर पहिल्या वापरकर्त्याला सुडोचे, म्हणजे रूटच्या वतीने आज्ञा चालवण्याचे, अधिकार मिळतात, भरली तर मिळत नाहीत. पडद्यावर तसं लिहिलेलं असतं, पण तो परिच्छेद वाचतो कोण? तुम्ही तो मोठ्याने वाचायला लावलात. आणि ग्राफिकल इन्स्टॉलरच्या भाषांच्या यादीत 'मराठी' दिसलं तेव्हा आपण दोघंही खूश झालो होतो. डिस्कची वाटणी कशी करायची हे आपल्या भाषेत विचारणारा पडदा मी त्याआधी कधीच पाहिला नव्हता. ज्या स्वयंसेवकांनी ते भाषांतर केलं, त्यांचेही इथेच आभार.

आर्चला तुम्ही मुद्दाम शेवटी ठेवलंत. एप्रिल 2021 पासून त्याच्या आयएसओत, म्हणजे इन्स्टॉलसाठीच्या फाइलमध्ये, आर्चइन्स्टॉल हे मदतीचं साधन मिळतं, पण ते वापरू दिलं नाहीत. पार्टिशन हाताने करायचं, माउंट करायचं म्हणजे सिस्टीमला जोडायचं, पॅकस्ट्रॅपने मूळ पॅकेजेस आणायची, जेनएफएसटॅबने एफएसटॅब, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी, बनवायची, मग आर्च-क्रूटने नव्या सिस्टीममध्ये शिरायचं. एफएसटॅबची फाइल उघडून तुम्ही एकेक ओळ समजावलीत: इथे पार्टिशनचं एसडीए1 असं नाव का नको, यूयूआयडी, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळखक्रमांक, का हवा. डिस्क ओळखण्याचा क्रम बदलला की एसडीए चं एसडीबी होऊ शकतं, यूयूआयडी तोच राहतो. एवढंसं ईएफआय पार्टिशन थेट बूट या फोल्डरला जोडलं तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि इनिटरॅमएफएस ही सुरू होताना लागणारी फाइल यांनी ते भरून जाईल, हेही तेव्हाच कळलं. मिंटने पडद्याआड उरकलेली सगळी कामं आर्चमध्ये माझ्या हाताखालून गेली. त्या संध्याकाळी मला लिनक्सची भीती उरली नाही.

शेवटी वाचकांच्या संगणकांवर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसली आणि कार्यालयात विंडोजशेजारी डेबियन. हा निर्णय माझा होता आणि प्रत्येक सभासदाला मी त्याची कारणं सांगू शकले. तुम्ही नुसतं येऊन इन्स्टॉल करून गेला असतात तरी आम्ही ऋणी राहिलो असतो. पण तुम्ही स्वतःच्या सुट्टीच्या संध्याकाळी खर्ची घातल्यात, की-बोर्डला एकदाही हात लावला नाहीत आणि माझे प्रश्न संपेपर्यंत उठला नाहीत. त्याबद्दल मनापासून, अगदी मनापासून आभार.

आता शेजारच्या गावच्या वाचनालयाने मला बोलावलंय. त्यांच्याकडेही एक हिशोबाचा संगणक आहे. तिथल्या मुलीलाच माउस देणार आहे, आणि क्लोनझिलाचा पेन ड्राइव्ह आठवणीने नेणार आहे.

तुमची,
वाचनालयातली ताई