ग्वांगझूहून मंग्याला पत्र

प्रिय मंग्या,

'टॉवर सोडून तिथं बघण्यासारखं काय आहे रे?' असं विचारलंस, म्हणून हे लांबण.

कँटन टॉवर आधी उरकतो (कँटन म्हणजे चीनमधल्या या ग्वांगझूचंच जुनं नाव). ६०० मीटर उंच, २०१० च्या आशियाई खेळांच्या वर्षी खुला झाला. वर चढायला पैसे घालू नकोस. रात्री पर्ल नदीच्या काठावरून फुकटात जास्त छान दिसतो.

वेळ राखून ठेव तो चेन घराण्याच्या वास्तूसाठी. प्रांतातल्या ७२ चेन कुळांनी वर्गणी काढून ती १८९४ मध्ये पुरी केली. घरची पोरं सरकारी परीक्षेला शहरात आली की उतरायला हक्काची जागा हवी होती. गंमत म्हणजे ती परीक्षाच १९०५ मध्ये बंद पडली! आत शिरलास की आधी मान वर कर. आढ्यावर भाजक्या मातीची, रंगीत झिलईची अख्खी नाटकमंडळी उभी आहे: सरदार, दरबारी, मागे छोटे छोटे महाल. मान दुखेपर्यंत बघत राहिलो, तरी एका आढ्यावरची माणसंसुद्धा बघून संपली नाहीत.

मग शामियन बेटावर जा. वडांची सावली, युरोपी धाटणीच्या इमारती, लग्नाचे फोटो काढून घेणारी जोडपी. इंग्रज-फ्रेंच चीनशी लढले त्या दुसऱ्या अफू युद्धानंतर त्यांनी हे बेट वाटून घेतलं. त्याआधी परदेशी व्यापाऱ्यांच्या 'तेरा वखारी' जवळच होत्या. त्या १८५६ मध्ये जळाल्या. आपले जमशेटजी जीजीभॉय याच कँटनच्या व्यापारात गबर झाले, कापसावर आणि अफूवर. जे. जे. हॉस्पिटलवरून आपण कितीदा गेलो असू! त्या दानशूरपणामागे इथल्या माणसांनी ओढलेल्या चिलमी होत्या, हे इथं उभं राहिल्यावर जरा टोचतं.

हुआलिन मंदिरही चुकवू नकोस. भारतातून समुद्रमार्गे आलेला बौद्ध भिक्षू बोधिधर्म इथंच उतरला, असं मानतात. आत पाचशे अर्हतांच्या, म्हणजे बौद्ध संतांच्या, मूर्ती, बाहेर जेडचा बाजार. घासाघीस कर, पण खरेदी नको. खरं-खोटं आपल्याला कळत नाही.

सकाळचा नाश्ता चहाघरातच. तांदळाच्या पातळ वाफवलेल्या घावनाची गुंडाळी मिळते, पण आत बहुधा कोळंबी किंवा मांस असतं. तुझ्यासाठी आधी विचारून घ्यावं लागेल. कुणी कपात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करायची, झाले आभार.

फक्त एप्रिल आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढचे तीनेक आठवडे येऊ नकोस. १९५७ पासून चालू असलेला मोठा व्यापारमेळा तेव्हा भरतो आणि हॉटेलांचे भाव आभाळाला भिडतात. नोव्हेंबरचा उत्तरार्ध उत्तम. तारखा कळव, म्हणजे मी रजा टाकतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुध्या