वाळवी लागली नव्हती

सांगली, रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय विन्या,

आधी कबुली देतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल. तुझ्या मामाने मुंबईच्या फाउंटनच्या फुटपाथवरून आणलेला 'स्ट्रेंज टेल्स' ह्या अमेरिकन कॉमिकचा तो अंक वाळवीने खाल्ला नव्हता. मी थाप मारली होती. चाळीस वर्षं झाली, आता शिव्या घाल.

तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे, गुडघा कुरकुरतो.

तर बाइंडिंगच्या दुकानाचं काम काढलंय. माळा रिकामा करताना अमेयला जुन्या खतावण्यांच्या गठ्ठ्यात एक बारकं बाड सापडलं. लाल कापडाची पाठ, वर अबरीचा कागद. उघडलं तर आत पिट्या! त्या अंकातला खळीवाला खलनायक पेस्ट-पॉट पीट, डब्यासकट.

अंकाचं कव्हर सुटलं होतं, आठवतंय? तुझ्या आठवड्याला द्यायच्या आधी दुरुस्त करावा म्हणून दुकानात नेला. अण्णा जेवायला गेले होते. दाभणाने शिवला, मोरचूद घातलेली खळ फासली, शिकंज्यात आवळला. इथे थांबलो असतो तर आपली मैत्री दोन महिने बंद पडली नसती. पण कडा वाकड्या दिसत होत्या, म्हणून कटिंग मशीनखाली घातला. सुरी खाली आली आणि वरच्या ओळीतले संवादच अर्धे गेले. तुला काय तोंड दाखवणार होतो? मग वाळवी.

अमेयने मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि मटकन खाली बसला. अंक ११०, जुलै १९६३. मागच्या पाच पानांत डॉक्टर स्ट्रेंज जगात पहिल्यांदा आला तो ह्याच अंकात. चांगली प्रत लाखोंना जाते म्हणे. आपली शिवलेली, कापलेली आणि वरून मोरचूद. तुझा अर्धा वाटा मी सुरीखाली घातला, बाबा. हप्त्याने फेडू का?

खरं सांगू, ती पाच पानं मला आठवतही नव्हती. आठवत होता तो डबा. चित्रकाराचा असावा तसा ढगळ अंगरखा, गळ्यात भलामोठा बो, हातात बादलीएवढं खळीचं भांडं आणि त्याला जोडलेली बंदूक. समोर कोण, तर अंगाला आग लावून उडणारा जॉनी स्टॉर्म. आणि हा चिकटवणार! तू डॉक्टर डूम ह्या बड्या खलनायकाचा भक्त, तुला पीट जोकर वाटायचा. मला वाटायचं, डूमकडे अख्खा देश आहे, त्यात कसलं आलंय शौर्य? ह्याच्याकडे आमच्या दुकानात असतं तेवढंच सामान.

अमेयच्या टॅबवर आठ रात्री जागून त्याचं पुढचं सगळं वाचलं. १९६४ साली बॅरन झीमो ह्या खलनायकाने ॲव्हेंजर्स ह्या महानायकांच्या टोळीवर ॲडहेसिव्ह एक्स नावाचा डिंक सोडला. झीमोचा स्वतःचा बुरखा त्याच डिंकाने तोंडाला कायमचा चिकटलेला, इतका जालीम. त्या डिंकापुढे ॲव्हेंजर्सचं काही चालेना. मग उतारा कोणाला विचारला? आपल्या पिट्याला, तुरुंगात जाऊन! अरे, चिकटवणाऱ्यालाच सोडवता येतं. अण्णा पोथीचं जुनं पान ओल्या फडक्याने कसं सोडवायचे, तू पाहिलंयस.

आणि मग, विन्या, त्याला स्वतःच्या नावाची लाज वाटली. १९६५ मध्ये त्याने नाव बदललं, ट्रॅपस्टर. पोशाख आधीच बदलला होता, डबाही गायब.

आता माझं दुखणं. अमेयला पाटी बदलायची आहे. 'बुक बाइंडिंग वर्क्स' नको, इंग्रजीतला एकच शब्द हवा, तोही लहान अक्षरांत. म्हणतो, "बाबा, लोकांना खळीचा वास येतो नावातूनच." मी चिडून त्याला ट्रॅपस्टरची गोष्ट ऐकवली. कार्ट्याने तोच अंक उघडून दाखवला. ज्या अंकात नाव बदललं त्याच अंकात विझार्ड, सँडमॅन, मेड्युसा आणि हा, असे चौघे मिळून जॉनीच्या टोळीला, फँटास्टिक फोरला हरवतात. चक्क हरवतात! मी गप्प. धंदा तोच बघतो, गिऱ्हाइकं तोच आणतो, वह्या-खतावण्या आता मागतंय कोण. मी पाटी धरून बसलोय. परवा रंगारी आला होता, त्याला चहा पाजून परत पाठवला. रोज किती चहा पाजणार?

तू मला वर्गात 'पिट्या' म्हणायला लागलास आणि सहामाहीपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही, ते गोखले मास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही. अख्खी शाळा म्हणायला लागली होती. माझ्या नखांत खळ असायची म्हणून तुला ते सुचलं, ह्याचा राग होता. डब्याचा नव्हता, हे आत्ता कळतंय.

रेवाचं ठरलं असं शरदकडून कळलं. छान. तारीख कळव, येतो. तुझी बदली झाली की रद्द झाली? वहिनींना नमस्कार.

बाड पार्सलने पाठवतोय. आता तुझी पाळी. पहिलं पान जपून उलट, खळ अजून धरून आहे. रंगारी मंगळवारी पुन्हा येणार आहे, त्याच्या आधी फोन कर.

तुझा,
पिट्या