पानगळीत अंडी थांबली म्हणून कोंबड्या देऊन टाकू नका

महोदय,

गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकाचे पत्र आले होते. घरामागे पाळलेल्या त्यांच्या पाच कोंबड्यांनी पानगळ सुरू झाल्यापासून अंडी देणे थांबवले आहे, दाणा मात्र पूर्वीइतकाच लागतो, तेव्हा त्या कुणाला देऊन टाकाव्यात का, अशी त्यांची विचारणा होती. त्यावर पुढे जी उत्तरे छापून आली, त्यांत एकाने कोंबड्या खुडूक झाल्याचे, म्हणजे अंडी उबवायला बसल्याचे, निदान केले, दुसऱ्याने खाद्य बदलण्याचा सल्ला दिला आणि तिसऱ्याने खुराड्यात रात्रभर दिवा लावायला सांगितले. आमच्या कुटुंबाने आठ वर्षे परसात कोंबड्या सांभाळल्या आहेत, आणि त्या अनुभवावरून नम्रपणे सांगावेसे वाटते की या तिन्ही उत्तरांत मूळ गोष्ट राहून गेली. त्या कोंबड्या बहुधा आजारी नाहीत, म्हाताऱ्या झालेल्या नाहीत आणि खुडूकही नाहीत. त्या पिसे बदलत आहेत.

पहिल्या वर्षी आमच्याकडेही हाच गोंधळ झाला होता. एका सकाळी खुराडे उघडले तेव्हा आत इतकी पिसे विखुरलेली होती की रात्री एखादे जनावर शिरले असावे, अशीच सर्वांची समजूत झाली. मोजून पाहिल्या तर कोंबड्या सगळ्या जागेवर होत्या. मात्र सर्वांत जास्त अंडी देणाऱ्या करड्या कोंबडीची मान उघडी पडली होती आणि पाठीवर जागोजागी चट्टे दिसत होते. तिला थंडी वाजेल म्हणून धाकट्या मुलीने आपला पायमोजा कापून तिच्या गळ्यात चढवायचा प्रयत्न केला, तेव्हा ती कोंबडी कळवळून ओरडली. नवे पीस उगवत असताना त्याच्या देठात रक्त खेळत असते आणि त्याला नुसता हात लागला तरी दुखते, हे आम्हाला त्यानंतर समजले. म्हणून या दिवसांत मुलांनी कोंबड्यांना उचलून घेऊ नये, एवढा एकच नियम आमच्या घरी अपवादाशिवाय पाळला जातो.

पिसे झडण्याचाही एक क्रम असतो. आधी डोके आणि मान, मग पाठ, छाती, पंख आणि शेवटी शेपटी. हे सारे साधारणपणे 8 ते 12 आठवडे चालते, काहींचे आधी आटोपते, काहींचे लांबते. गंमत अशी की चांगली अंडी देणारी कोंबडी अनेकदा उशिरा पण झपाट्याने पिसे टाकते, आणि त्यामुळे सगळ्या खुराड्यात तीच सर्वांत केविलवाणी दिसते. उलट जी आळशी असते ती सावकाश, इकडचे चार आणि तिकडचे चार अशी पिसे बदलते आणि टापटीप राहते. रूप पाहून कोणती कोंबडी ठेवायची आणि कोणती द्यायची हे ठरवणारा माणूस नेमकी चांगली कोंबडी गमावून बसतो, ते यामुळेच.

हे घडते ते प्रकाशामुळे. भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला दिवसाला साधारण 14 ते 16 तास उजेड लागतो आणि तो उजेड ती केवळ डोळ्यांनी टिपत नाही; कवटीतून आत झिरपणारा प्रकाशही तिच्या मेंदूतील पेशींना जाणवतो. शरदात दिवस लहान होऊ लागला की शरीराला इशारा मिळतो आणि अंड्यांवर होणारा खर्च पिसांकडे वळतो. हा खर्च थोडाथोडका नसतो. पिसाचा सुमारे 85 टक्के भाग प्रथिनांचा असतो, तर एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जाते, ज्यातले काही तिला स्वतःच्या हाडांतून काढून द्यावे लागते. वर्षभर ही उचल करणाऱ्या जिवाला ती फेडायला दोन-तीन महिने लागले, तर त्यात तक्रार करण्याजोगे काही नाही. वसंतात जन्मलेल्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, पहिल्या शरदात बहुधा पूर्ण पिसे टाकत नाहीत आणि अंडी देत राहतात, त्यामुळे ज्यांना अंड्यांचा खंड अजिबात नको असेल त्यांनी सगळ्या कोंबड्या एकाच वयाच्या पाळू नयेत. विषुववृत्ताच्या जवळ दिवस फारसा लहानमोठा होत नाही, म्हणून तिथे हा खंड कमी जाणवतो; जसजसे दूर जावे तसतसा तो ठळक होत जातो.

खाद्य बदलण्याचा सल्ला अर्धा बरोबर होता, पण का आणि किती हे न सांगता तो दिला गेला. अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या नेहमीच्या खाद्यात सुमारे 16 टक्के प्रथिने असतात. पिसे येत असताना ती 18 ते 20 टक्क्यांपर्यंत वाढवावीत. कॅल्शियमसाठी दिला जाणारा शिंपल्यांचा चुरा खाद्यात मिसळण्याऐवजी वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे जिला गरज आहे ती खाईल. प्रेमापोटी मूठमूठभर धान्य टाकण्याची अनेकांना सवय असते. या काळात ते नेमके उलटे पडते, कारण धान्याने पोट भरते आणि प्रथिने मागे राहतात. दिव्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ज्यांचे पोट अंड्यांच्या विक्रीवर आहे त्यांची गोष्ट वेगळी, पण घरच्या चार-पाच कोंबड्यांची विश्रांती मोडून चार अंडी मिळवण्यात शहाणपण नाही, आणि रात्रभर दिवा तर कोणीच लावू नये. लावायचाच असेल तर तो पहाटे लावावा. संध्याकाळी लावलेला दिवा एकदम विझला की कोंबड्या दांडीवर चढण्याआधीच अंधारात सापडतात.

खुडूक कोंबडी ओळखणे अवघड नाही. ती घरट्यातून उठत नाही, हात नेला की अंग फुगवून चोच मारते आणि पोटाखालची पिसे स्वतःच उपटते. हे बहुधा ऊबदार महिन्यांत होते. आजारी कोंबडी वेगळी. पिसे टाकणारी कोंबडी उदास दिसली तरी खाते, पाणी पिते आणि तिचे डोळे स्वच्छ असतात. आजारी कोंबडी डोळे मिटून कोपऱ्यात बसते, तिला धाप लागते, नाकातून पाणी वाहते, तुरा निळसर पडतो किंवा विष्ठा रक्ताळलेली असते. अचानक दोन-तीन कोंबड्या मेल्या तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श न करता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे, कारण मानमोडी (राणीखेत) आणि बर्ड फ्लू हे दोन्ही आजार असेच अचानक येतात.

बर्ड फ्लूचा विषय निघालाच आहे, तर शरदातल्या सहलींविषयी बोलले पाहिजे, कारण हा ऋतू कुटुंबाला घराबाहेर काढणारा असतो. हवा स्वच्छ असते, रानात रंग भरलेले असतात आणि पाणथळ जागी स्थलांतर करणारे पक्षी उतरलेले असतात. आम्हीही मुलांना घेऊन तळ्याकाठी जातो. परंतु रानबदके आणि त्यांच्यासारखे पाणपक्षी बर्ड फ्लूचा विषाणू स्वतः आजारी न दिसता वाहून नेऊ शकतात आणि तो त्यांच्या विष्ठेतून बाहेर पडतो. तळ्याकाठच्या चिखलात फिरलेले बूट घालून थेट खुराड्यात जाणे म्हणजे तो चिखल कोंबड्यांच्या ताटात वाढणे होय. आमच्याकडे खुराड्यासाठी रबरी चपलांचा एक वेगळा जोड दारापाशीच ठेवलेला असतो आणि सहलीचे बूट अंगणातच धुतले जातात. कोंबड्यांचे दाणापाणी उघड्यावर न ठेवता छताखाली ठेवणे हे त्याहून सोपे आणि तितकेच महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळे रानपाखरे तिथे येत नाहीत.

सहलीचा दुसरा धोका आम्ही स्वतः भोगला आहे. मध्यम अक्षांशांवर शरदात दिवस रोज सुमारे अडीच ते साडेतीन मिनिटांनी लहान होतो आणि महिन्याभरात सूर्यास्त जवळजवळ पाऊण तास अलीकडे येतो. हे आम्हाला ठाऊक होते, पण अंगवळणी पडलेले नव्हते. तिसऱ्या वर्षी डोंगरावरून परतताना आम्ही नेहमीच्याच वेळेला घरी पोहोचलो, तर अंधार पडून बराच वेळ झाला होता. कोंबड्या सांजेला आपल्या आपण खुराड्यात जाऊन बसल्या होत्या, त्यांनी त्यांचे काम चोख केले होते. दार लावायला मात्र कोणी नव्हते. एक कोंबडी गेली. मोठा मुलगा त्यानंतर दोन दिवस कोणाशी बोलला नाही, आणि दोष आमचा असल्यामुळे त्याला समजावण्याजोगे आमच्यापाशी काही नव्हते. तेव्हापासून सहल ठरली की कोण कधी परतणार याआधी दार कोण लावणार हे ठरते, आणि शेजाऱ्यांना तसे सांगून ठेवले जाते.

आता बागेविषयी. याच दिवसांत घरोघरी पालापाचोळा गोळा करून पेटवला जातो, हे पाहून मला वाईट वाटते, कारण कोंबड्या असणाऱ्या घरात वाळक्या पानांइतकी उपयोगाची वस्तू दुसरी नाही. कोंबडखत फार तीव्र असते. ताजे घातले तर रोपांची मुळे जळतात. त्यात नत्र भरपूर आणि कर्ब कमी, तर वाळक्या पानांत नेमके उलटे, म्हणून ही दोन्ही एकत्र आली की उत्तम कुजतात. खुराड्यात 10 ते 15 सेंटीमीटर जाडीचा वाळक्या पानांचा थर द्यावा आणि त्यावर थोडे दाणे भिरकावावेत. कोंबड्या ते शोधताना सगळा थर स्वतःच उलथापालथा करतात. पाने पूर्ण वाळलेली असावीत, कारण ओल्या पानांवर बुरशी धरते आणि तिचे कण कोंबड्यांच्या फुप्फुसांत जातात. थर भिजला किंवा नाकाला अमोनिया झोंबू लागला की तो काढून ढिगावर टाकावा आणि पुरते कुजेपर्यंत काही महिने तिथेच राहू द्यावा. म्हणजे वसंतात गादीवाफे भरण्याच्या वेळी खत हाताशी असते.

पीक निघालेल्या वाफ्यात कोंबड्यांना थोडा वेळ मोकळे सोडले तर त्या गोगलगायी, अळ्या आणि तणाचे बी वेचून खातात; आमचा वाफा त्या कुदळीपेक्षा बरा उकरतात. ज्या वाफ्यात लसूण किंवा फुलांचे कंद नुकतेच लावले असतील तिथे मात्र जाळी हवीच, नाहीतर संध्याकाळपर्यंत सगळे कंद वर आलेले दिसतील. कच्च्या खायच्या पालेभाज्या जिथे घ्यायच्या असतील तिथे कोंबड्यांना हिंडू दिल्यानंतर निदान चार महिने जाऊ द्यावेत. बाग आवरताना निघालेले हिरवे पडलेले बटाटे आणि टोमॅटोची पाने त्यांच्यापुढे टाकू नयेत, ती त्यांना विषारी असतात. आणि कोंबड्यांना हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत, हे दरवेळी सांगावे लागते, दरवेळी सांगावे.

आपल्या पुरवणीत दर वसंतात पिल्ले कशी आणावीत, खुराडे कसे रंगवावे यावर पानभर मजकूर आणि छायाचित्रे येतात. त्यांतल्या एका तरी लेखात पहिल्या पानगळीनंतर काय होते हे लिहिलेले असते, तर त्या वाचकावर कोंबड्या देऊन टाकण्याचा विचार करण्याची वेळ आली नसती. त्या लेखांच्या जोडीला शरदातही एक लेख यावा, अशी माझी विनंती आहे.

आणखी एक लहानशी विनंती. आपल्या दैनिकात सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा छापल्या जातात. आमचा मोठा मुलगा रोज सकाळी त्यातली सूर्यास्ताची वेळ पाहून खुराड्याच्या दारावरील पाटीवर खडूने लिहितो आणि तिच्यापुढे त्या दिवशी मिळालेल्या अंड्यांचा आकडा मांडतो, जो सध्या बहुतेक दिवशी शून्य असतो. गेल्या महिन्यात जाहिरातींच्या गर्दीमुळे ही चौकट चार वेळा वगळली गेली. कृपया ती वगळू नये.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक