गणपतरावांची भाषणे नव्या आमदारांच्या हाती द्या

महोदय,

३० जुलै हा गणपतराव देशमुख यांचा स्मृतिदिन. १९६२ साली सांगोल्यातून प्रथम निवडून आलेले गणपतराव १९७२ आणि १९९५ मधील पराभव पचवून २०१४ मध्ये अकराव्यांदा विधानसभेत गेले, तेही शेतकरी कामगार पक्ष एकदाही न सोडता. १९७८ आणि १९९९ नंतरची मंत्रिपदे वगळता त्यांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवरच गेली. असे असूनही दुष्काळी तालुक्याच्या पाण्याचा प्रश्न, टेंभू-म्हैसाळ योजना आणि रोजगार हमीची कामे यांचा पाठपुरावा त्यांनी दशकानुदशके सोडला नाही. सांगोल्यातील सहकारी सूतगिरणी हेही त्यांच्याच चिकाटीचे फळ. एसटीने प्रवास करणारा आमदार म्हणून त्यांचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे, परंतु त्या साधेपणापुढे त्यांचा विषयाचा अभ्यास झाकला जातो, याची खंत वाटते. माझ्या मते त्यांची खरी ओळख तो अभ्यास हीच आहे. विधिमंडळ सचिवालयाने पाणी, दुष्काळ व रोजगार हमीवरील त्यांची निवडक भाषणे प्रथमच निवडून आलेल्या प्रत्येक सदस्याला शपथविधीनंतर लगेच द्यावीत, ही विनंती.

– एक वाचक, सोलापूर