कॉलनीतल्या डब्यांविषयी

परळ, मुंबई

प्रिय शुभा,

तुमच्या कॉलनीत कॅन्सरचे पेशंट असलेल्या तीन घरी डबा सुरू करायचं ठरतंय, हे छान झालं. साताऱ्यात स्वयंपाकाला हात कमी पडणार नाहीत. ही कामं बिघडतात ती वेगळ्याच जागी. पहिल्या आठवड्यात एका घरी पाच डबे येतात, तिसऱ्या आठवड्यात एकही नाही. आणि जे येतात त्यातलं निम्मं पेशंटला खाताच येत नाही. तेव्हा आधी एक वही घाल.

प्रत्येक घराला एक पान आणि पानाच्या डोक्यावर केमोची तारीख, कारण सगळं तिथून मोजायचं. बऱ्याच औषधांची सायकल २१ दिवसांची असते. दर आठवड्याची किंवा पंधरवड्याचीही असते, म्हणून घरच्यांना विचारूनच लिही. ढोबळ मानाने पहिले तीन-चार दिवस मळमळीचे, सातव्यापासून चौदाव्यापर्यंत काउंट, म्हणजे रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, खाली, आणि त्यानंतर भूक परत येते. लोक नेमकं उलटं करतात: केमोहून आल्या दिवशी साग्रसंगीत जेवण आणि भूक लागते तेव्हा सगळे गायब. चांगलंचुंगलं तिसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेव.

मळमळीच्या दिवसांत फोडणीचा वाससुद्धा सोसत नाही. गरम जेवणाचा वास जास्त येतो, म्हणून इडली, दहीभात, साबुदाण्याची खीर असं निवलेलं द्यायचं. मोठा डबा नको, वाटी-वाटीचे चार छोटे दे, दोन-दोन तासांनी खाता येतात. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी द्या. अपवाद एकच, पण लक्षात ठेव. आतड्याच्या कॅन्सरला ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं औषध देतात. ते घेतल्यावर काही दिवस गार वस्तूला हात लावला तरी मुंग्या येतात, गार घोट घेतला की घसा आवळल्यासारखा होतो. त्या घरी फ्रिजमधलं काही पाठवायचं नाही.

काउंट खाली असतात तो आठवडा सगळ्यात जपायचा. कोशिंबीर, कच्चे मोड, ओली चटणी, अर्धकच्चं अंडं, बाहेरची कापलेली फळं, न तापवलेलं दूध, सगळं बंद. केळं, संत्रं चालतं, पण धुऊन आणि त्यांच्याच घरी सोलून. आणि भात! माणसं चिकन-अंड्याला घाबरतात नि भाताकडे दुर्लक्ष करतात. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की वाढायला लागतात. सकाळी दहाला भरलेला डबा दुपारी दोनला खाल्ला तर हाच घोटाळा होतो. डबा वाफाळता भरायचा नि दोन तासांत संपवायचा. उरणार असेल तर पसरट भांड्यात काढून लगेच फ्रिजमध्ये, पुन्हा एकदाच चांगला वाफ येईपर्यंत गरम. ज्या बाईला खोकला किंवा जुलाब आहेत तिची डब्याची पाळी त्या दिवशी बदलायची, म्हणून रोज एक राखीव नाव वहीत हवंच.

तोंड आलं असेल तर लिंबू, टोमॅटो, तिखट, कुरकुरीत काही नको. मुगाची खिचडी एकाला सहा पाणी घालून, वर साजूक तूप. पोटावर रेडिएशन चालू असताना जुलाब होत असतील तर दूध आणि कोंड्याचं कमी कर. उलट उलटी थांबवायच्या गोळ्यांनी पोट गच्च होतं, तिथे शिजवलेला दुधी, पालक, पातळ कढण द्या.

प्रथिनांचा हिशेब मात्र चुकवू नकोस. साधारण वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच.) एका अंड्यात ६, मोठ्या ग्लासभर दुधात ८, ३० ग्रॅम कोरड्या मूगडाळीत ७, ५० ग्रॅम पनीरमध्ये जवळपास ९. नुसत्या वरणभाताने एवढं भागत नाही. खिरीत दुधाची पावडर ढवळ, उपम्यात उकडलेलं अंडं कुस्करून घाल. खाणाऱ्याला कळतही नाही.

नाकातून नळी असलेल्या घरी स्वतःची अक्कल चालवायची नाही. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचे कॅन्सर भरपूर, तेव्हा असं घर लागेलच. आहारतज्ज्ञाने लिहून दिलेलंच करायचं आणि मलमलीतून दोनदा गाळायचं. नाचणी निवल्यावर घट्ट होते आणि नळी तुंबते. नळीतून देण्याचं काम घरच्यांचं, आपण फक्त डबा पोचवायचा.

आणि सोबतची माणसं? ती पेशंटची उरलेली पेज खाऊन राहतात. त्यांचा डबा वेगळा, ‘घरचे’ अशी चिठ्ठी लावून, पोळी-भाजी, चटणी, सगळं झणझणीत.

गव्हांकुराचा रस, गुळवेलीचा काढा घेऊन येणारे निघतीलच. गोड बोलून परतव, औषधांशी काय जुळतं हे त्यांना ठाऊक नसतं. पपनसासारखं साधं फळही काही गोळ्यांबरोबर चालत नाही.

ग्रुपवर आजाराचं नाव नको, घर नंबर आणि वेळ पुरे. डबा दाराच्या कडीला अडकवायचा, बेल वाजवून गप्पा मारायच्या नाहीत.

डब्यापलीकडचं थोडं. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्र असो वा दिवस, थेट हॉस्पिटल. घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट बघणं धोक्याचं, तेव्हा गाडीवाल्या दोघांचे नंबर वहीच्या पहिल्या पानावर हवेत. दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) पाचच दिवस टिकतात, म्हणून रक्तगटाप्रमाणे दात्यांची यादी आधीच कर. दात्याने आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी. तुमच्यापैकी कुणाला इथे परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात यावं लागलं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आधी चौकशी कर, तिथे पेशंट आणि नातेवाईक राहतात.

पहिल्या पंधरवड्याच्या पाळ्या लावल्यास की फोटो पाठव. रविवारी कुणाचंच नाव नसतं, तेवढं आधी बघ.

तुझी,
नीला